बहात्तरला भागताना

शनिवारचा शेवटचा तास आता माझा.
वरून पत्रक आलं : नववीला आर्थिक साक्षरता.
सोबत गुळगुळीत कागदाची पुस्तिका,
तिच्यात एक मुलगा मातीच्या डुकरात नाणी टाकतोय.
उत्तरेश्वर पेठेत असलं डुक्कर मी तरी पाहिलं नाही.
आमच्याकडं कुंभाराचा गल्ला असतो
आणि तो जोतिबाच्या यात्रेआधी फुटतो.

पुस्तिका मिटली. फळ्यावर लिहिलं : व्याज.
कुणाला ठाऊक आहे?
तमन्ना बागवान उभी राहिली,
बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग.
"सकाळी नऊशे घ्यायचे, मॅडम,
दिवस मावळताना हजार द्यायचे.
माल खपला तरी, नाही खपला तरी."
नऊशेवर शंभर, एका दिवसाला.
वर्षाचा दर काढता काढता फळ्याची कड आली :
शेकडा चार हजार पंचावन्न.
कुणीतरी शिट्टी घातली.
तमन्ना म्हणाली, "खरं तो माणूस चांगला हाय.
आजीच्या ऑपरेशनला सगळ्यात आधी तोच आल्ता."
याचं उत्तर पुस्तिकेत नव्हतं.
माझ्याकडंही नव्हतं.

नंतर चक्रवाढ. ती मला आवडते,
गुऱ्हाळावरच्या काहिलीसारखी :
बराच वेळ नुसता रस, नुसता जाळ,
बघणारा कंटाळून उठून जातो,
आणि मग एकदम दाटायला लागतं.

मग बहात्तरचा नियम.
बहात्तरला दरानं भागा,
पैसे दुप्पट व्हायची वर्षं मिळतात.
आठ टक्क्यांना नऊ. सहाला बारा.
"आणि कुणी म्हणालं तीन वर्षांत दुप्पट, तर दर किती?"
"चोवीस!" पोरं एका दमात ओरडली.
"मग त्याला काय विचारायचं?"
वर्ग गप्प.
मागच्या बाकावर आदिनाथ चौगुले
कंपासपेटीचं झाकण उघडत होता, मिटत होता.

मला ठाऊक होतं तो कुणाचा.
त्याचे वडील रोज साडेसहाला पिग्मी गोळा करायला यायचे,
खांद्याला मशीन, पायरीवरूनच हाक :
"वहिनी, शंभर!"
साठले की ठेवीत टाकायचे, पुन्हा पिग्मी सुरू.
पतसंस्थेला कुलूप लागलं त्या आठवड्यात
लोकांनी त्यांच्या मोटरसायकलची हवा सोडली,
दुसऱ्या दिवशी मोटरसायकलच नेली.
त्या घोळक्यात मीही होते.
मागं, पण होते.

पर्समधून पिशवी काढली.
चार वर्षांच्या पावत्या, रबर लावलेल्या.
शाई केव्हाच उडालेली, सगळ्या पांढऱ्या.
"ह्या माझ्या," म्हटलं.
"एम.एस्सी. गणित, पहिला वर्ग.
तीन वर्षांत दुप्पट, असं त्यांच्या कॅलेंडरवर छापलं होतं.
वर्षभर त्यावर दुधाचे खाडे मांडले
आणि बहात्तरला तीननं भागलं नाही.
एवढा सोपा भागाकार."

पावत्या बाकांवरून फिरल्या.
कुणी उजेडात धरल्या, कुणी वास घेतला.
आदिनाथपाशी आल्या आणि थांबल्या.
त्यानं एकीची कड नखानं चाचपली.
"मशीनचा डावीकडचा दात तुटला होता," तो म्हणाला,
"म्हणून इथं वाकडं फाटतंय."
मग, झाकण मिटून :
"बाबांनी आईच्या पाटल्या मोडून त्यातच ठेवल्या होत्या, मॅडम.
त्यांनीपण भागलं नव्हतं."

घंटा झाली. गृहपाठ द्यायचा राहिला.
बाक सरकले, जिन्यात धडधड,
गंगावेशीकडं सायकली सुटल्या.
मी पावत्या गोळा केल्या,
सवयीनं मोजल्या,
एक कमी भरली.
सोमवारी बीजगणित आहे.
विचारणार नाही.